काकूंचा मंगळवार

काकूंनी उभ्या आयुष्यात एकही ब्लाउज सांगितलेल्या दिवशी दिला नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये, ओळख करून देतेय. शनिवार पेठेत एका जिन्याखालच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन होतं आणि "कधी मिळेल?" या प्रश्नाला त्यांच्याकडे एकच उत्तर होतं, "मंगळवारी." कुठल्या मंगळवारी, असं जी विचारायची ती बाई नवीन आहे हे बाकावरच्या जुन्या बायकांना लगेच कळायचं. एकदा कात्रजच्या एक बाई, मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, डबा घेऊनच आल्या आणि ब्लाउज हातात पडल्याशिवाय उठणार नाही म्हणून बाकावर ठाण मांडून बसल्या. काकू म्हणाल्या, "बसा की. बसल्याच आहात तर हूक लावा." संध्याकाळपर्यंत त्या माउलीने अकरा ब्लाउजांना हूक लावले. त्यांचा स्वतःचा त्या अकरांत नव्हता.

त्यांच्या माघारी आम्ही सगळ्या त्यांना कटोरीकाकू म्हणायचो. कटोरी म्हणजे छातीवर नीट गोलाई यावी म्हणून तुकडे जोडून शिवलेला ब्लाउज, आणि तो काकूंसारखा बसवणारा हात अख्ख्या पेठेत दुसरा नव्हता. नाहीतर पुण्यातल्या बायका कुणाचे इतके मंगळवार ऐकून घेतील? काकूंनीही आम्हाला नावं ठेवली होती, पण ती तोंडावर. कुणी बोटनेक, कुणी फुगाबाही, कॉलेजात शिकवणाऱ्या एका बाईंना तर सरळ "तीनदा उसवलेल्या". मी कोर्टात कारकून होते, म्हणून मी कोर्टबाई. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

टेप काकू नावापुरता वापरायच्या. बाई दारातून आत येईपर्यंत माप डोळ्यांनी घेऊन झालेलं असायचं. "छत्तीस. मागच्या दिवाळीला चौतीस होतात," असं त्या भरल्या दुकानात सांगायच्या आणि लांबट वहीत लिहून टाकायच्या. एकदा मी म्हणाले, "अहो काकू, मी बारीक झालेय." त्या म्हणाल्या, "तुम्ही झाला असाल. ब्लाउजला सांगायचं राहिलंय." पाठीचा गळा खूप खोल हवा असं सांगणाऱ्या एका मुलीला त्यांनी शांतपणे विचारलं, "बरंच कापड उरेल. त्याची पिशवी शिवून देऊ का?" हे सगळं बोलताना त्यांच्या ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या असायच्या. लांब वाक्य बोललं की टाचणी पडते, म्हणून त्यांची वाक्यं आखूड झाली, असं माझं मत आहे. त्या स्वभावानेच तशा होत्या, असं बाकीच्यांचं.

मला त्यांचा कधी राग आला नाही, कारण आम्ही दोघी एकाच धंद्यातल्या. कोर्टात माझं काम म्हणजे पुढची तारीख लिहिणं. वकील हजर तर पक्षकार गैरहजर, पक्षकार हजर तर साहेब रजेवर, आणि सगळे एकदाचे हजर झाले तर कागद सापडत नाही. पुढची तारीख. लोक माझ्या टेबलासमोर रडले, भांडले, एकाने मला ज्ञानेश्वरी भेट दिली. मी मान वर न करता तारीख लिहीत राहिले. वीस-बावीस वर्षं हेच केलं की माणसाच्या हाडात एक गोष्ट मुरते: कुठलीही अडचण समोर आली की तिला घाबरायचं नाही, तिला पुढची तारीख द्यायची.

म्हणून मला गाठ लागली तेव्हा मी तेच केलं. आंघोळ करताना डाव्या छातीत, काखेच्या अंगाला, सुपारीएवढं काहीतरी हाताला लागलं. दुखत नव्हतं. दिवाळी होऊ दे म्हटलं. मग पाहुणे होते. मग घराला रंग काढला होता. असे चार महिने गेले आणि मी घरात कुणाला बोलले नाही. त्याच सुमाराला वन्संच्या मुलीचं लग्न ठरलं. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. राहतात विश्रांतवाडीला, पण लक्ष सगळं आमच्या घरात. लग्नात मामीने कसं दिसायचं हेही त्यांनीच ठरवलं होतं, आणि अंजिरी रेशमी साडीवरचं ब्लाउजपीस घेऊन मी काकूंकडे गेले.

काकूंनी काखेखालून टेप घातला आणि त्यांचा हात थांबला.

"हे काय आहे?"

"कुठं काय? बारीकशी गाठ आहे. दुखत नाही."

"कधीपासून?"

"झाले चार महिने."

काकूंनी टेप गुंडाळून ठेवला, ब्लाउजपीसची घडी केली आणि माझ्या हातात परत दिली. "शिवणार नाही."

"अहो, लग्न आहे."

"डॉक्टरचा कागद आणा. मग शिवते."

"ब्लाउज शिवायला डॉक्टरचा कागद कशाला?"

"माप चुकतंय," काकू म्हणाल्या, आणि बाकावरच्या पुढच्या बाईला त्यांनी खुणेनं उठवलं.

मी रागारागाने घरी आले. पण काकूंशिवाय दुसऱ्याकडे ब्लाउज टाकायचा म्हणजे लग्नाच्या फोटोत जन्मभर पाठीवर सुरकुत्या. शरमेची गोष्ट आहे, पण खरी आहे: मी डॉक्टरकडे गेले ती ब्लाउजसाठी. तपासण्या झाल्या, फोटो निघाले, सुई घालून तुकडा काढला, आणि आठवड्याने डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की कॅन्सर आहे. गाठ फार वाढलेली नाही, पण डावा स्तन काढावा लागेल, पुढे औषधंही लागतील, आणि थांबण्यात शहाणपणा नाही. समोरची डायरी उघडून ते म्हणाले, "आज गुरुवार. पुढच्या आठवड्यातला सोडून त्याच्या पुढचा मंगळवार. मंगळवारी करू."

मी हसले. मंगळवार म्हटल्यावर आतून जे हसू फुटलं ते थांबेना. डॉक्टरांनी काळजीने ह्यांच्याकडे बघितलं आणि ह्यांनी डॉक्टरांकडे. दोघांनीही पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. त्या बिचाऱ्यांना काय सांगणार, की आमच्या पेठेत मंगळवार असा कधी येत नसतो.

ह्यांनी त्या दिवसापासून जे केलं ते असं. एक प्लास्टिकची फाइल आणली, तिच्यात माझे सगळे कागद तारखेप्रमाणे लावले, आणि ती फाइल घेऊन ते घरभर हिंडू लागले. स्वयंपाकघरात आले तरी फाइल काखेत. स्कूटर इतकी हळू चालवायला लागले की लक्ष्मी रोडवर आम्हाला एका हातगाडीने मागे टाकलं. "अहो, मी काचेची नाही," मी म्हणाले. "नाही ना," ते म्हणाले आणि आणखी हळू चालवायला लागले. आम्ही दोघं एकमेकांशी फक्त कागदांबद्दल बोलत होतो. अमुक रिपोर्ट कुठंय, तमुक रिपोर्ट इथंय. एवढं प्रेमाचं बोलणं आमच्यात आधी झालं नव्हतं, आणि त्यातून काहीच बोलून होत नव्हतं.

बातमी बाहेर फुटायला दोन दिवस लागले. मग लोक यायला लागले. पुण्यात आजाऱ्याला भेटायला येतात ते धीर द्यायला नाही, आपलं म्हणणं मांडायला. एकाने गव्हांकुर आणले. एकाने लोणी काळभोरच्या पुढे एक माणूस झाडपाला देतो त्याचा नकाशा काढून दिला, वर "डॉक्टर हे सांगणार नाहीत" असंही म्हणाला. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी मी आयुष्यभर चहा जास्त प्यायले हे कारण शोधून काढलं, आणि ते सांगताना आमच्याकडचा दोन कप चहा प्यायले. समोरच्या बाई म्हणाल्या, "आमच्या आत्याला हेच झालं होतं." मी विचारलं, "मग?" त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मग काय, तुम्ही मनाने खंबीर आहात." आणखी एक गंमत म्हणजे या फटकळ शहरात तो एक शब्द उच्चारायला कुणी तयार नव्हतं. "ते", "तसलं", "वरचं", "बायकांचं". एका मावशींनी तर नुसती मान डावीकडे झुकवून विचारलं. सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघून बोलायला सुरुवात करायचे आणि तिसऱ्या वाक्याला त्यांची नजर खाली यायची, मग घाईघाईने छताकडे जायची. आमच्या छताकडे इतकं लक्ष आधी कुणी दिलं नव्हतं.

मी हसत होते, चहा करत होते, आणि मनातून पार ढासळले होते. आज स्पष्ट सांगते. मरणाची भीती वाटत होतीच, पण तिच्याहून मोठी भीती दुसरी होती. सेहेचाळीस वर्षांची बाई मी, काही रूपगर्विता नव्हते. तरी न्हाणीघराच्या आरशासमोर उभी राहिले की वाटायचं, हे गेल्यावर मी पदर कसा घेणार? कोर्टाच्या जिन्यावर लोक कुठं बघतील? ह्यांच्यासमोर कशी उभी राहणार? हे कुणाशी बोलायची सोय नव्हती. फाइलमध्ये त्याचा कागद नव्हता.

अशात वन्सं आल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला, डोळे पुसले, आणि मुद्द्यावर आल्या. "वसुधा, मी म्हणते, एवढं लग्न होऊन जाऊ दे. मंगळवारी तुझं ते, आणि त्याच्या पुढच्या पंधरवड्यात हळद. मामीशिवाय मामा एकटा उभा राहिला तर लोक विचारणार. चार महिने राहिलीय, आणखी महिनाभर राहील. गाठ काय पळून जातेय?"

तुम्हाला वाटेल मला राग आला. मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांना आणखी एक लाडू वाढला. सबळ कारण मिळालं होतं. असल्या कारणावर आमच्या साहेबांनी डोळे मिटून पुढची तारीख दिली असती. ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी फाइल छातीशी धरली आणि म्हणाले, "तुला योग्य वाटेल तसं." ती संमती नव्हती, हे मला कळत होतं. पण कागदोपत्री हरकत नोंदलेली नव्हती. दवाखान्यात सोमवारी फोन करायचा, असं मी ठरवलं.

त्याआधी शनिवारी मी ब्लाउजपीस आणि रिपोर्ट घेऊन काकूंकडे गेले. कागद आणा म्हणाल्या होत्या, आणला. दुपारची वेळ होती, बाक रिकामा होता. काकूंनी रिपोर्ट हातात घेतला, उलटा-सुलटा केला, तो इंग्रजीत होता. परत दिला.

"कॅन्सर?"

इतक्या दिवसांत तो शब्द माझ्यासमोर म्हणणारं डॉक्टरांनंतरचं ते पहिलं माणूस. मी हो म्हणाले.

"काढणार?"

"हो."

"कधी?"

"मंगळवारी म्हणालेत. पण मी पुढं ढकलतेय. लग्नानंतर करीन."

काकूंनी पायडल थांबवलं. मग ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. इतक्या वर्षांत त्यांचे रिकामे ओठ मी पहिल्यांदा पाहत होते. खालच्या ओठावर टाचण्यांनी बारीक खाचा पडल्या होत्या.

"कोर्टबाई," त्या म्हणाल्या, "तारीख पुढं ढकलायचा धंदा माझा आहे. तो तुम्ही करू नका."

"माझाही तोच आहे काकू."

"असेल. मी ब्लाउज लांबवते तेव्हा तुमच्या अंगात जुना असतो. माझ्यावाचून कुणाचं अडत नाही, म्हणून मी लांबवते. हे मला कळतं. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्हाला कळत नाही?"

टाचण्यांशिवाय काकू इतकं लांब बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. मी लग्नाचं सांगायला लागले. हळद, मामाचा मान, वन्संचा शब्द. काकू ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "हे झालं वन्संचं. तुमचं काय आहे ते सांगा." आणि मग मी त्या जिन्याखाली, कापडाच्या चिंध्यांमध्ये बसून रडले. आरशाचं सांगितलं, पदराचं सांगितलं, ह्यांचं सांगितलं. वर जिन्यावरून कुणीतरी सारखं चढत-उतरत होतं.

काकूंनी डोळे पुसायला अस्तराचा तुकडा दिला. "पक्का रंग आहे, पुसा," म्हणाल्या. मग ती लांबट वही काढली. पानं उलटत गेल्या आणि काही मापांपुढे निळ्या पेन्सिलीची बारीक रेघ होती ती मला बोटाने दाखवत गेल्या. नावांवर त्यांनी दुसऱ्या हाताचा पंजा ठेवला होता. एक, दोन, तीन. सात रेघा होत्या.

"या सगळ्या तुमच्यासारख्या. यातल्या दोघी तुम्हाला मंडईत भेटतात. एक तुमच्याशी भांडलीय, याच बाकावर, नंबरावरून. तुम्हाला कधी कळलं?"

मला काहीच कळलं नव्हतं. पुढचे दोन दिवस मी मंडईत दिसेल त्या बाईच्या ब्लाउजकडे बघत होते, तरी कळलं नाही. भरल्या दुकानात बायकांची मापं ओरडून सांगणाऱ्या या बाईने सात नावं वर्षानुवर्षं पोटात ठेवली होती.

काकूंनी माझं माप घेतलं. गळा, खांदा, बाही, उजवी बाजू. डाव्या बाजूला टेप नेला नाही. "हे नंतर," म्हणाल्या. "रेशमी राहू दे. आधी सुती शिवते, पुढून हूक असलेला. हात वर जाणार नाही तुमचा काही दिवस. असं करू. तुम्ही मंगळवारी तिकडे जा. मी मंगळवारी ब्लाउज देते."

"कुठल्या मंगळवारी?" मी सवयीने विचारलं.

"डॉक्टरच्या," काकू म्हणाल्या आणि टाचण्या परत ओठांत धरल्या. मुलाखत संपली होती.

सोमवारी दवाखान्यात मी फोन केला नाही. वन्संना मात्र त्याच शनिवारी रात्री केला. वन्सं दुखावल्या. लोक काय म्हणतील ते त्यांनी सविस्तर सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्या तणतणत काकूंकडे गेल्या, कारण लग्नात घालायचे त्यांचे तीन ब्लाउज तिथंच अडकलेले होते. तिथं काय झालं हे मला बोटनेकने सांगितलं, ती बाकावर बसलेली होती. वन्संनी ब्लाउज कधी विचारलं. काकू म्हणाल्या, "लग्नानंतर देते." वन्सं किंचाळल्याच. काकूंनी मशीनवरची मान वर केली नाही. म्हणाल्या, "ब्लाउज काय पळून जातायत?"

वन्संच्या बाबतीत एक कबूल करायला हवं. त्यांना एखादी गोष्ट पटायला वेळ लागतो, पण पटली की त्या तिचा ताबा घेतात. त्याच संध्याकाळी त्या थर्मास, दोन चादरी आणि डब्यांची यादी घेऊन आमच्याकडे आल्या. दवाखान्यात कोण कधी थांबणार, मऊ भात कोण आणणार, सगळं त्यांनी ठरवलं. "मामी लग्नाला खुर्चीवर बसून राहील, त्यात काय झालं?" असं त्या आम्हालाच बजावत होत्या, जणू आम्हीच विरोध केला होता. काकूंनी त्यांचे ब्लाउज कधी दिले हे वेगळं सांगायला नको. हळदीच्या आदल्या दिवशी, आणि तो शुक्रवार होता.

डॉक्टरांचा मंगळवार आला. सकाळी सातला मला खाटेवर बसवून ठेवलं होतं, अंगात तो मागून नाड्या असलेला झगा. तो शिवणाऱ्याचा हात काकूंनी कापूनच टाकला असता. हे फाइल घेऊन कोपऱ्यात उभे होते. मी ठरवलं होतं की रडायचं नाही. तेवढ्यात बाहेर नर्सचा आवाज आला की ही भेटायची वेळ नाही. त्यावर ओळखीचा आवाज म्हणाला, "मी भेटायला आलेच नाहीये. माल पोचवायला आलेय."

काकू आत आल्या. दुकान बंद ठेवून, रिक्षा करून आल्या होत्या. अशा गोष्टी त्या कुणाच्या लग्नालाही करत नसत. त्यांनी कापडी पिशवीतून ब्लाउज काढून माझ्या मांडीवर ठेवला. पांढरा, मऊ सुती, पुढून हूक, डाव्या काखेची शिवण बाहेरच्या बाजूला घेतलेली, टोचू नये म्हणून. आत डावीकडे एक कापडी खिसा होता. "यात काय भरायचं ते मागाहून बघू," म्हणाल्या. मग घड्याळाकडे बघितलं. "सात दहा. मंगळवार. माझी तारीख मी पाळली, कोर्टबाई. आता तुमची."

मला ढकलगाडीवर घेऊन गेले तेव्हा ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत माझा हात धरला. त्यासाठी त्यांनी फाइल काकूंकडे दिली होती. काकू ती उलटी धरून बाकावर बसल्या होत्या, आणि वन्सं त्यांना चहा हवा का विचारत होत्या.

नंतरचे महिने कुणाचेही असतात तसे गेले. टाके, औषधं, केस गेले, केस आले. जखम भरल्यावर एका दुपारी मी खिशाचा प्रश्न घेऊन जिन्याखाली गेले. काकूंनी आधी कापूस भरून पाहिला, तो चालताना गळ्याकडे सरकायला लागला. स्पंज हलका पडला, एक खांदा वर यायचा. काकू चार दिवस विचार करत होत्या, आणि पाचव्या दिवशी त्यांनी मोहरी भरली. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली द्यायच्या उशीत भरतात तीच. वजन बरोबर, आकार हवा तसा, उन्हाळ्यात गार. मी आरशासमोर उभी राहिले. खांदे सरळ होते. पदर नेहमीच्या जागी पडला. काकू मागून म्हणाल्या, "फोडणीला कमी पडली तर हाताशी असेल." त्या वेळी मी जे हसले, ते आजारपणानंतरचं पहिलं खरं हसू. घरी येऊन ह्यांना दाखवलं. ते बघत राहिले, मग अगदी गंभीरपणे म्हणाले की मोहरी फाइलमध्ये कशी लावणार. आमच्यातला अवघड दिवस तो होता आणि तो असा पार पडला.

पुढे काकू अधूनमधून निरोप पाठवायच्या, "एक पाठवतेय." एवढंच. मग कुणीतरी बाई दारात उभी राहायची, हातात काकूंची चिठ्ठी, चेहरा माझ्या तेव्हाच्या चेहऱ्यासारखा. मी चहा टाकायची. गव्हांकुर द्यायची नाही. बाईने किती दिवस पुढं ढकललंय ते काढून घ्यायचं आणि तारखेला उभं करायचं, एवढंच माझं काम. एकूण किती आल्या ते सांगत नाही. काकूंनी पंजा ठेवलेला आहे त्यावर.

स्वतः काकू गेल्या त्या हृदयाच्या दुखण्याने, पंधरा-वीस दिवस पडून. डॉक्टर त्यांच्या भाचीला म्हणाले होते, मंगळवारपर्यंत काढतील. काकू बुधवारी गेल्या. भाचीने दुकान आवरलं तेव्हा बायकांची रांग लागली होती, प्रत्येकीचं एकेक ब्लाउजपीस आत अडकलेलं. सगळ्या रडत होत्या आणि आपलं कापड कापलंय का, हेही विचारत होत्या. माझं अंजिरी रेशमी, त्या लग्नाचं, सापडलं. शिवून तयार होतं, डावीकडे खिसा घातलेला. इतकी वर्षं मी विचारलं की "मंगळवारी" म्हणायच्या. का दिलं नसेल, यावर मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, माझी ये-जा चालू राहावी अशी त्यांची इच्छा असावी. वही भाचीने मला दिली. मी ती उघडलेली नाही.

महिनाभराने, दुपारी, लोणी काळभोरची एक बाई दारात आली. चाळिशीची, हातात घामाने मऊ झालेली चिठ्ठी. "शिंपीणकाकूंनी दिली हुती. येऊ येऊ म्हनत ऱ्हायले. मंग कळलं, त्या गेल्या." चिठ्ठीवर काकूंचं अक्षर होतं, माप लिहायच्या तसं आखूड: कोर्टबाई, ही ढकलतेय.

तिला बसवलं. डॉक्टरने कधी बोलावलंय विचारलं.

"येत्या मंगळवारी. पन घरात म्हनत्यात, ऊस जाऊ दे. मंग बगू. तसं दुखत बी न्हाई काय."

काकूंचं ते धंद्याचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते त्यांचं होतं. मी म्हणाले, "बाई, मी कोर्टात तीस वर्षं लोकांना पुढच्या तारखा दिल्या. त्यातली किती माणसं निकाल ऐकायला राहिली नाहीत, ते मला माहीत आहे. तुम्हाला मी पुढची तारीख देणार नाही."

ती पदराशी चाळा करत बसली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "त्यानंतर बाईनं काय करायचं असतं?" मी आत गेले, कपाटातली जादा भरून ठेवलेली मोहरीची पिशवी आणली आणि तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती चाचपली, दाबली, कानाशी नेऊन हलवली.

"मोहरी हाय व्हय?"

"मोहरी."

"आन् तुमी... ही...?" तिने माझ्याकडे पाहिलं, उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. तिला कळेना. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

मंगळवारी सकाळी सात वाजता मी दवाखान्याच्या दारात असेन, असं तिला सांगितलं. तिने नुसती मान हलवली. अशी मान हलवणारी माणसं मी तीस वर्षं पाहिली आहेत, त्यातली निम्मी तारखेला येत नाहीत. सोमवारी रात्रभर मला धड झोप लागली नाही. ह्यांनी आता म्हातारपणी स्कूटर सोडलीय, म्हणून रिक्षाने गेले, आणि सातला दहा मिनिटं असतानाच पोचले.

ती माझ्याआधी येऊन पायरीवर बसली होती.